नळीतलं रक्त कुणाचं

४ फेब्रुवारी

धाकटे,

वर ‘प्रिय’बिय मायना घातलेला नाही, कारण कुठलाही घातला असता तरी तो खोटा ठरला असता. हे कामाचं पत्र आहे. रजिस्टर्ड पाठवते आहे, पोचपावतीसकट, म्हणजे उद्या ‘मला काही मिळालंच नाही’ असं म्हणायची तुला सोय राहणार नाही. तू तसं म्हणणारच, हे मी धरूनच चालले आहे.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. आत्या नक्की कशानं गेली? तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, मी लांब होते. तू तिच्याजवळ राहत होतीस. घरात सगळे ‘पोटात पाणी झालं’ एवढंच सांगायचे आणि पुढं विचारलं की विषय बदलायचे. दुसरं म्हणजे, तुझ्या अंगावर कुठे गाठबीठ आली आहे का? हो किंवा नाही, एवढं लिहून पाठव. बाकी माझ्या तब्येतीची चौकशी करायच्या भानगडीत पडू नकोस. मीही तुझी केलेली नाही.

आता तू म्हणशील, ताईला नऊ वर्षांनी एकदम आत्या कशी आठवली? सांगते, कारण नाही सांगितलं तर तू तुझ्या मनानं काहीतरी रचशील आणि तलावावरच्या सगळ्या बायकांना ऐकवशील. (अजून पोहायला शिकवतेस ना? तुझा आवाज बघता तुला शिट्टी कशाला लागते, हे मला कधीच कळलं नाही.)

गेल्या वर्षी माझ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची. ऑपरेशन झालं, औषधं झाली. ज्यानं गाठ काढली त्या डॉक्टरला मी घरात गाठवाला म्हणते. माणूस बरा आहे, पण हसतो फार. तो म्हणाला, “सगळी काढली, आजी.” एक तर मी त्याची आजी नाही, आणि दुसरं म्हणजे ‘सगळी’ या शब्दावर माझा विश्वास नाही. मिलमध्ये अख्खी नोकरी मी उजेडाच्या टेबलावर कापड तपासण्यात काढली. ज्या ठाणाबद्दल विणकर छातीठोकपणे सांगायचा की यात काही नाही, नेमका त्यातच तुटलेला धागा निघायचा. म्हणून मी विचारलं, कशावरून?

त्यानं रक्ताची एक तपासणी सुचवली. आपल्या पेशी रोज मरत असतात म्हणे, आणि मरताना आतल्या डीएनएचे बारके तुकडे रक्तात सुटतात. असे तुकडे सगळ्यांच्याच रक्तात वाहतात, धडधाकट माणसाच्यासुद्धा. अंगात गाठ असली तर तिच्याही पेशी मरतात आणि तिचेही तुकडे त्या गर्दीत मिसळतात. पण गाठीच्या डीएनएत तिचे म्हणून काही बिघाड असतात, त्यावरून ते तुकडे ओळखू येतात. गाठ वाढत गेली की सहसा तुकडेही वाढत जातात. गाठ काढली की ओसरतात. काढूनही ते दिसत राहिले, तर समजायचं की काहीतरी मागं राहिलंय आणि ते वाढतंय. कधीकधी स्कॅनमध्ये दिसायच्या कितीतरी आधी रक्तात त्याची चाहूल लागते. नेहमीच लागते असं नाही, हेही त्यानं सांगितलं, म्हणून मी त्याच्यावर थोडा विश्वास ठेवला.

मला ही तपासणी पटली. आम्हीही मागाखाली साठलेल्या तुसावरून वर कुठलं सूत चाललंय ते ओळखायचो.

रिपोर्ट आला. माझ्या गाठीचे तुकडे रक्तात नाहीत. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, गाठवाला हसला, आणि मग त्यानं पान उलटलं. दुसरंच काहीतरी सापडलं होतं. एका जागी डीएनएमध्ये दोष आहे, आणि तो तिथल्या निम्म्या तुकड्यांत आहे. निम्म्यांत असला की तो बहुधा जन्माचा असतो म्हणे, आईकडून नाहीतर बाबांकडून आलेला. या दोषानं बायकांना स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सर व्हायचा धोका बराच वाढतो. झालेलाच असतो असं नाही, पण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

मग मला एका बाईंकडे पाठवलं. त्या कागदावर गोल आणि चौकोन काढून अख्खं खानदान मांडतात. मी त्यांना वंशावळवाली म्हणते. मावश्या विचारल्या, आत्या विचारल्या, मग म्हणाल्या, “बहीण?” मी म्हटलं, आहे एक. “त्या कशा आहेत?” मी म्हटलं, मजेत असेल. त्यांनी गोल काढला आणि त्यात प्रश्नचिन्ह घातलं. ते प्रश्नचिन्ह म्हणजे तू. म्हणून हे पत्र.

आणखी एक. हा रिपोर्ट आल्यापासून सूनबाई फोन घेऊन गच्चीत जातात. चिरंजीव जहाजावर, महिनोन्‌महिने समुद्रात, म्हणजे त्याच्याशी बोलत नसणार. मी गेले की ‘नंतर करते’ म्हणून फोन ठेवतात. कुठेतरी पाणी मुरतंय. तुझ्याशी तर बोलत नाही ना ती? तसं असेल तर मला कळेल, आणि मला कळलेलं तुम्हां दोघींना आवडणार नाही.

उत्तर पाठव. हो किंवा नाही.

तुझी, कागदोपत्री,
मोठी बहीण


१९ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. मला आश्चर्य वाटलेलं नाही. पोचपावतीही अजून आली नाही, पण ती पोस्टाची रड असेल.

तुझ्या भाऊजींनी तुला फोन केला होता, मला न विचारता. मी स्वयंपाकघरात होते, पण कान काही गहाण टाकलेले नाहीत, आणि तुझा आवाज फोनमधूनही घरभर ऐकू येतो. तू म्हणालीस, “भाऊजी, तुम्ही बरे आहात ना? मग झालं. ताईचा निरोप असेल तर मला नको.” हे ‘अगं, पण, म्हणजे’ करत राहिले आणि तू फोन ठेवलास. यांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याचा चहा निवतो, हे तुला माहीत नाही का? आता आमच्या घरचा नंबर तू उचलतच नाहीस. बरं.

तरी लिहिते, कारण आता माझी खात्रीच झाली आहे की कुणीतरी कुठेतरी घोळ घातलाय, आणि मला तो कुणालातरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. इथं सांगावं तर सगळे माझ्याकडे ‘हिला झालं पुन्हा सुरू’ अशा नजरेनं बघतात.

ऐक. माझी जी गाठ काढली होती तिचा तुकडा दवाखान्यात मेणात जपून ठेवलेला असतो. वंशावळवाली म्हणाली, जन्माचा दोष असेल तर तो अंगातल्या पेशीपेशीत असायला हवा, गाठीतसुद्धा. म्हणून त्यांनी तो तुकडा तपासला. गाठीत तो दोष जवळजवळ नाहीच! जरासा, शिंतोडा उडाल्यासारखा. गाठवाला पहिल्यांदाच हसला नाही. “विचित्र आहे,” म्हणाला.

मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. मी म्हटलं, डॉक्टर, नळी बदलली. तुमच्या लॅबमध्ये दुसऱ्याच कुणाचं रक्त माझ्या नावावर चढलं. तो म्हणाला, “तसं होत नाही, आजी.” होत नाही! आमच्या मिलमध्ये एका लग्नघराला जायचं पांढरं ठाण हॉस्पिटलच्या चादरींत गेलं होतं, आणि तिथंही सगळे हेच म्हणत होते.

मी स्वतः लॅबमध्ये गेले. सूनबाई ‘राहू द्या ना आई’ म्हणत मागून आल्या. काउंटरवर एक मुलगी, काचेच्या पलीकडे एक चष्मेवाला तंत्रज्ञ. मी त्याला बाहेर बोलावलं. तो बिचारा हातमोजे काढत आला.

“माझी नळी कोण कोण हाताळतं?”

“काकू, तिच्यावर बारकोडची पट्टी असते, यंत्र ती वाचतं.”

“आणि पट्टी कोण चिकटवतं?”

“आम्हीच.”

“मग?”

मी म्हटलं, माझ्यासमोर रक्त घ्या, माझ्यासमोर पट्टी लावा. मी पट्टीवर सही केली. सही बुजू नये म्हणून दोनदा केली. नळी यंत्रात जाईपर्यंत मी काचेला नाक लावून उभी होते. मागच्या माणसांनी कुजबूज केली, मी ऐकलीच नाही असं दाखवलं.

दुसरा रिपोर्ट आला. तोच. तोच दोष, निम्म्या तुकड्यांत. आता सांग. पहिल्यांदा बदललेली नळी दुसऱ्यांदाही बदलली, आणि तीही त्याच माणसाशी?

मग वंशावळवालीनं गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतला. त्यात काय निघावं? दोष आहेही आणि नाहीही. रक्तापेक्षा कमी, गाठीपेक्षा जास्त. म्हणजे माझं रक्त एक सांगतं, गाठ दुसरं सांगते, आणि गाल दोन्ही डगरींवर हात ठेवून उभा. अशी साक्ष कोर्टात दिली तर साक्षीदाराला आत टाकतील.

ती काडीची डबी लॅबमध्ये नेऊन द्यायला सूनबाई गेल्या होत्या. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी संध्याकाळी तिला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, गच्चीत कुणाशी बोलतेस? माझ्या नमुन्यांशी कुणी खेळ करतंय का? त्यात तुझा हात आहे का?

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “आई, मी वंशावळवाल्या मॅडमशी बोलते. तुमच्यात दोष असेल तर तो तुमच्या मुलात आला असेल का, आणि त्याच्याकडून आपल्या छकुलीत? ती पहिलीत आहे हो. मी हे तुमच्यासमोर कसं विचारू? तुम्हाला वाटलं असतं, मी तुमच्या माथी मारतेय.”

मला खरंच तसं वाटलं असतं. मी उठून छकुलीच्या डब्यावर झाकण होतं ते पुन्हा लावलं, उगाच. तेव्हापासून मला झोप नाही. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण त्या पोरीच्या अंगात मी काही सोडलं असेल तर मी काय करू?

गाठवाल्यानं पुन्हा सगळं विचारलं. आधीची आजारपणं, कधी रक्त चढवलं होतं का, वगैरे. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच सांगितलं. तरुणपणी रक्ताचं थोडं दुखणं झालं होतं, औषधांनी बरं झालं. तुझ्या भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

मी काय गाळलं ते तुला कळलं असेल. माझं दुखणं आहे, त्यातलं किती सांगायचं ते मी ठरवीन. कुण्या परक्या माणसासमोर तुझं नाव घेऊन मला पुन्हा तुझ्या उपकाराखाली वाकायचं नव्हतं. बस.

आत्याचं अजूनही कळव.

मोठी


८ मार्च

धाकटे,

हे पत्र आधी बसून घे आणि मग वाच. दोन्ही पोचपावत्या आल्या नाहीत, म्हणजे तू पत्रं घेऊन सही करायचीच टाळलीस, असा माझा संशय आहे. पण हे वाच. मागची दोन नाही वाचलीस तरी चालेल.

त्यांनी माझ्या दंडाच्या त्वचेचा बारीकसा तुकडा काढला होता. त्यातून पेशी वाढवल्या आणि तपासल्या. त्याचा निकाल सांगायला वंशावळवालीनं आम्हां तिघांना बोलावलं. तिनं पंखा बंद केला, कागद उडतात म्हणून, आणि म्हणाली, “त्वचेत दोष अजिबात नाही. म्हणजे तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्यात तो नव्हता.”

मी म्हटलं, बघा! मी सांगत होते. रक्त माझं नाहीच.

ती म्हणाली, “बरोबर. मलाही तसंच वाटतंय.”

सूनबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण त्या बाईचा चेहरा हरल्यासारखा नव्हता. तिनं पेन खाली ठेवलं. “काकू, रागावू नका. तुमचं ते रक्ताचं दुखणं कशानं बरं झालं होतं? नुसत्या औषधांनी? की कुणाचा बोन मॅरो बसवला होता?”

मी ‘नाही’ म्हणणार होते. शप्पथ सांगते, जिभेवर आलं होतं. तेवढ्यात हे बोलले. तुझे भाऊजी, ज्यांच्या तोंडून लग्नात उखाणासुद्धा निघाला नव्हता, ते एका दमात बोलले. “बसवला होता. हिच्या धाकट्या बहिणीचा. तिनं दिला म्हणून ही आज आहे. ही कुणाला सांगत नाही, कारण माझ्या निवृत्तीच्या जेवणात ती सगळ्यांसमोर एक चेष्टा करून गेली आणि हिनं तिच्याशी बोलणं टाकलं. मी तेव्हा हसलो होतो, म्हणून माझ्याशीही महिनाभर बोलत नव्हती.”

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला आणि म्हणाले, “आता नाही.”

चेष्टा म्हणे. तुला आठवतेय? मला शब्दन्‌शब्द आठवतो. मी वाढणाऱ्या पोरांना आणि तुला जरा हटकलं, तर तू ताट हातात घेऊन अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालीस, “ताईचा रुबाब बघा! अंगातलं रक्तसुद्धा माझं, आणि हुकूम मलाच!” सगळे हसले. माझे साहेब हसले, व्याही हसले. मी ताट तसंच ठेवून आत गेले. तू मला मरणाच्या दारातून ओढून आणलंस आणि मग त्याची चारचौघांत जाहिरात केलीस, असं मला वाटलं. अजून वाटतं.

तर, धाकटे, तू बोललीस ते अक्षरशः खरं आहे.

वंशावळवालीनं समजावून सांगितलं. मॅरो म्हणजे रक्त तयार व्हायचा कारखाना. तुझा बसवल्यापासून माझं रक्त तुझ्याच साच्यातून निघतं. आणि रक्तात जे डीएनएचे तुकडे वाहतात ना, गाठ शोधायला बघतात ते, त्यातले बहुतेक रक्ताच्याच मेलेल्या पेशींचे असतात. गाठीचे असलेच तर त्यात चिमूटभर. म्हणजे माझ्या दंडातून नळीभर रक्त काढून त्यांनी तपासलं ते मुख्यतः तुला. गाठीत शिंतोडा दिसला तो गाठीत शिरलेल्या तुझ्या रक्ताचा. गालातही तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन बसतात, म्हणून तो दोन्हीकडून बोलत होता. नळी कुणी बदलली नव्हती. आपण पहिल्याच दिवशी हे सगळं बोललो असतो तर ही सगळी वणवण वाचली असती, असं ती हळूच म्हणाली. ‘आपण’ म्हणाली, ‘तुम्ही’ म्हणाली नाही. बाई चांगली आहे.

सूनबाईंनी विचारलं, “मग छकुली?” वंशावळवाली म्हणाली, “मुलं रक्तातून होत नाहीत. काकूंच्या मुलात आणि नातीत हा दोष काकूंकडून येऊच शकत नाही.” सूनबाईंनी माझा हात धरला आणि रडल्या. मीही रडले. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू! आमच्या घरात नाही, आमच्यात नाही.

मग माझ्या लक्षात आलं की मी कशाचा आनंद मानतेय.

तो दोष तुझा आहे. तुझ्या अंगात आहे, जन्मापासून. बाबांकडून आला असणार, आत्याकडेही तोच असणार. सगळे म्हणायचे ना, धाकटी आत्यावर गेलीये, तेच नाक, तेच हसणं? मला तेव्हा हेवा वाटायचा. आत्या तुझ्या आताच्या वयाची होती, पोट फुगायला लागलं तेव्हा. पोटात पाणी बीजांडकोशाच्या कॅन्सरनंही होतं म्हणे, आणि दोन महिने सगळे गॅसच्या गोळ्या देत राहिले.

वंशावळवालीनं हात जोडून सांगितलंय. घाबरवू नका, पण सांगा. दोष आहे म्हणजे आजार आहे असं नाही. तुझं स्वतःचं रक्त तपासून आधी खात्री करायची. मग स्तनांची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, आणि वेळेत करायच्या बऱ्याच गोष्टी असतात. वेळेत. हा शब्द तिनं तीनदा वापरला आणि मी संशयी असले तरी तो मला खरा वाटला. तू कित्येक वर्षं सगळ्यांना हातपाय मारायला शिकवतेस, स्वतः डॉक्टरची पायरी चढली नसशील, हे मी तुला न भेटता सांगते. पोट जड वाटतं का? जेवण कमी झालंय का? खरं सांग. मला नको सांगूस, डॉक्टरला सांग.

मला तुझा राग आहे, तो आहेच. पण मला भीती वाटतेय गं. रोज सकाळी मी दंडाकडे बघते आणि मनात येतं, हिच्यात काय चाललंय ते हे रक्त मला का सांगत नाही? ते नुसता जन्माचा दोष सांगतं. तुझी गाठ, असलीच तर, तिचे तुकडे तुझ्याच रक्तात वाहणार, माझ्यात नाही. तिथं मी पोचू शकत नाही. तुलाच जावं लागेल.

लगेच जा. पत्र मिळाल्याचं कळव. पोचपावतीवर सही कर, हात मोडत नाही.

ताई


२४ मार्च (पोस्टकार्ड)

धाकटे,

तिन्ही पाकिटं आज एकदम परत आली. तिन्हींवर ‘घेण्यास नकार’ असा शिक्का. म्हणजे तू एकही उघडलेलं नाहीस. तू खोटं बोलशील म्हणून मी पोचपावती लावली, आणि पोचपावतीला सही लागते म्हणून तुला नकार देता आला. साधं पाकीट असतं तर दाराखालून आत आलं असतं. हा माझ्या संशयाचा उपयोग!

म्हणून हे उघडं कार्ड. तुझ्या इमारतीचं टपाल खालच्या लाँड्रीत ठेवतात, मला आठवतंय. त्या लाँड्रीवाल्या बाई इस्त्री बाजूला ठेवून सगळ्यांची कार्डं वाचतात, तेही आठवतंय. बाई, तुम्ही हे वाचताय ना? वाचाच. आणि वर जाऊन हिला मोठ्यानं वाचून दाखवा. दार नाही उघडलं तर बाहेरून वाचा. तलावावरच्या बायकांनाही सांगा, त्यांनी हिला पाण्यात उतरू देऊ नये तपासणी होईपर्यंत.

धाकटे, माझ्या अंगातलं रक्त तुझं आहे. तू चारचौघांत म्हणालीस ते खरं होतं, मी चारचौघांत कबूल करते. त्या रक्तात आत्याचा दोष सापडलाय. तो माझ्यात नाही, तुझ्यात आहे. त्यानं कॅन्सरचा धोका वाढतो. लवकर बघितलं तर बरंच काही करता येतं. तपासून घे.

वंशावळवालीनं सोमवारी सकाळची वेळ तुझ्या नावानं दिली आहे. मी शनिवारी तुला न्यायला येते. तुझे भाऊजी म्हणतात आधी कळवून जा, म्हणून कळवलं. तिन्ही पाकिटं घेऊन येते. तुझ्यासमोर बसून फोडू. भांडण आहे तसंच ठेवलंय, ते सोमवारनंतर.

दार उघड. पोचपावती तोंडी दिलीस तरी चालेल.

ताई